तीन घोड्यांना घेऊन क्रूझ: दोनदा जाऊन आलो, आता लिहिते

आमच्याकडे तीन घोडे आहेत, म्हणजे आमचीच वाढलेली पोरं. थोरली २३, मधला १९ आणि धाकटी १६. तीन वर्षांपूर्वी एकदा क्रूझ केली, आणि आता परत एकदा. म्हणजे पहिल्या वेळी हीच मंडळी २०, १६ आणि १३ होती, आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा आला की म्हटलं लिहूनच टाकावं, कारण बुकिंगच्या आधी मी जे काही वाचलं होतं ते एकतर चार-पाच वर्षांच्या पोरांच्या आयांसाठी होतं नाहीतर रिटायर झालेल्या जोडप्यांसाठी. उंचीला आपल्या वर गेलेली पण तिकिटाचे पैसे आपल्याच खिशातून लागणारी जी मधली जमात आहे तिच्याबद्दल कोणी धड बोलतच नाही. आमच्या दोन जहाजांची नावं मी देणार नाहीये, तक्रारीही करायच्यात म्हणून. बाकी नियमांबद्दल बोलताना कंपन्यांची नावं घेईन.

तर पहिल्या वेळी आम्ही जहाज कसं निवडलं, तर व्हिडिओ बघून. पाचही जण सोफ्यावर, कुठल्या जहाजावर किती घसरगुंड्या, कुठे लाटेवर सर्फिंग करता येतं, कुठे दोरीवरून लटकत जाता येतं. ही सगळी मजा खरी आहे हो, पण आता दोन क्रूझनंतर मी शपथेवर सांगते की घसरगुंडीवरून जहाज निवडू नका. तीन आकडे बघा: १७, १८ आणि २१. तुमची मुलं या तीन आकड्यांच्या मधे कुठे कुठे बसतात ते कागदावर लिहा आणि मग जहाज शोधायला बसा.

का ते सांगते. जवळपास सगळ्या मोठ्या जहाजांवर टीन क्लब, म्हणजे किशोरवयीन पोरांचा अड्डा, १७ ला संपतो, १८ पूर्ण झालं की बाहेर. आणि अमेरिकेतून सुटणाऱ्या क्रूझवर साधारण दारू २१ ला सुरू होते. मग १८, १९, २० वाल्यांनी करायचं काय? आमची थोरली तेव्हा २० ची होती, फ्लोरिडाहून कॅरिबियनला जाणारं जहाज. टीन क्लबात घेईनात, बारवर काही देईनात, नाइटक्लबच्या दारात कार्ड बघून परत पाठवली, आणि कहर म्हणजे वरच्या डेकवर मोठ्यांसाठी जो शांत कोपरा राखून ठेवलेला असतो तिथेही २१ ची अट. तेरा वर्षांची बहीण रोज रात्री अकरापर्यंत क्लबात मजा करतेय, सोळाचा भाऊ तर सापडतच नाही, आणि ही बिचारी आमच्या दोघांच्या मधे बसून सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत साठीच्या आजोबांशी लढतेय (एकदा जिंकली पण, बक्षीस म्हणून जहाजाच्या चित्राचं की-चेन). तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, आई, मी इथे नक्की कोण म्हणून आलेय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पार त्रिशंकू झाली होती पोरगी.

तेव्हा हे पहिलं. ज्यांच्या घरात १८ ते २० मधलं कोणी आहे त्यांनी त्या मुलाला मध्यभागी ठेवून जहाज निवडा. सोळाच्यांचं होतं सगळीकडे, तेविसांचंही होतं, मधल्याचाच वांधा असतो.

आता गंमत अशी की तीच कंपनी, तेच जहाज, पण समुद्र बदलला की नियम बदलतो. युरोपातून सुटणाऱ्या सफरींवर बहुतेक कंपन्या १८ पूर्ण झालेल्याला मोठा माणूस धरतात. रॉयल कॅरिबियनचंच घ्या, उत्तर अमेरिकेतून निघालात तर २१, युरोपातून निघालात तर १८. म्हणून या वेळी मधला १९ चा होता तेव्हा आम्ही मुद्दाम भूमध्य समुद्र घेतला. पहिल्या रात्री जेवताना वेटरने त्याला सरळ वाइनची यादी दिली आणि त्याच्या बाबाचा चेहरा बघण्यासारखा झाला, मुलगा शांत होता, बापच उगाच पाणी पीत बसला. पण त्या एका गोष्टीने पुढचा आठवडा सोपा झाला. बहिणीबरोबर रात्री संगीत ऐकायला जाता आलं, दोघं एकत्र कुठेही जाऊ शकले, कोणी कार्ड बघून हाकललं नाही. वाइन त्याने दोनदा घेतली असेल फार तर, मुद्दा वाइनचा नव्हताच.

मोठ्यांसाठीच्या राखीव जागांचंही असंच आधी तपासा. कार्निव्हलच्या सेरेनिटी डेकला अमेरिकेच्या सफरींवर २१ पूर्ण लागतात, रॉयल कॅरिबियनच्या सोलारियममध्ये मात्र १६ वाल्यांना बसू देतात. म्हणजे एका कंपनीत वीस वर्षांची मुलगी बाहेर आणि दुसरीत सोळाची आत! डिस्नेच्या जहाजांवर १८ ते २० वाल्यांसाठी वेगळ्या भेटीगाठी ठेवतात, एवढ्या वयोगटाचा विचार केलेला मला तरी दुसरीकडे फारसा दिसला नाही. पण डिस्ने म्हटलं की आमचा मधला म्हणतो मी उंदराबरोबर फोटो काढणार नाही, विषय संपला.

टीन क्लबचे गटही सगळीकडे सारखे नसतात. कार्निव्हलमध्ये १२ ते १४ वेगळे आणि १५ ते १७ वेगळे. डिस्नेत ११ ते १४ आणि १४ ते १७, म्हणजे चौदाव्या वर्षी पोराला निवड मिळते. नॉर्वेजियनमध्ये १३ ते १७ सगळे एकत्र. भावंडं एकत्र राहावीत असं वाटत असेल तर हे बघूनच घ्या, कारण बोटीवर गेल्यावर "अहो तिला दादाबरोबर सोडा ना" म्हणून काही होत नाही, मी विनवण्या करून बघितल्या आहेत. नंतर कळलं की आमच्या धाकटीने मागे देव पाण्यात ठेवले होते की त्यांनी नाहीच म्हणावं. वय साधारण जहाज सुटायच्या दिवशीचं धरतात, वाढदिवस मधेच येत असेल तर आधी विचारून घ्या.

आणि पहिल्या रात्री क्लबला पाठवाच. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या रात्री ओळखी होतात, घोळके ठरतात, तिसऱ्या दिवशी जाऊन दारात उभं राहिलं की आतली पोरं एकमेकांचे चुलतभाऊ असल्यासारखी बसलेली असतात. मागच्या वेळी धाकटी पहिल्या रात्री गेली आणि तिचा आठवडा झाला. या वेळी सोळाची झालेली, जरा अंगात आलेलं, "बघू उद्या" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गेली तर आत सहा मुलं, त्यातली चार एकाच कुटुंबातली आणि आपसात इटालियनमध्ये बोलणारी. यात आमचीही चूक होती. शाळांच्या सुट्ट्या संपल्यावर गर्दी कमी आणि भाडं कमी म्हणून आम्ही त्या तारखा घेतल्या, पण गर्दी कमी म्हणजे बरोबरीची पोरंही कमी हे डोक्यातच आलं नाही. टीनएजर बरोबर असेल तर जिथून जहाज सुटतंय तिथल्या शाळांच्या सुट्ट्या बघा, आपल्या नाही. आणि युरोपातल्या जहाजांवर घोषणा चार-पाच भाषांमधून होतात, सगळ्यांना एकच भाषा येत असेल असं धरून चालू नका. थोरलीला तेच आवडलं, धाकटीला अजिबात नाही.

आता केबिन. इथे सगळ्यात जास्त डोकं लावा, कारण बाकी सगळं बोटीवर गेल्यावर सुधारता येतं, केबिन नाही. चार जणांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन छतातून किंवा भिंतीतून उतरणारे, शिडी लावून चढायचे. आठ वर्षांच्या पोराला ती शिडी म्हणजे सण असतो. सहा फुटी मुलाला त्या पलंगावर पालथं झोपावं लागतं आणि पाय बाहेर. आणि बाथरूम एक, त्यात शॉवर एवढा की साबण पडला तर उचलायला बाहेर यावं लागतं. पाच मोठ्या माणसांना एक केबिन हा विचार डोक्यातून काढूनच टाका, मिळतही नाही सहजी. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं म्हणून मोह होतो, पण मोठ्या मुलांच्या बाबतीत दोन केबिनचा जादा खर्च हा मी चैनीत धरत नाही, घरातली शांतता विकत घेणं आहे ते.

दोन केबिन घेतल्या की पुढचा घोळ सुरू. एक म्हणजे अमेरिकेतल्या सफरींवर प्रत्येक केबिनमध्ये एक जण २१ च्या वरचा हवा असा नियम बहुतेकांचा असतो. आईबाप शेजारच्या किंवा समोरच्या केबिनमध्ये असतील तर सूट देतात. पहिल्या वेळी थोरली २० चीच होती, तेव्हा कागदावर एका केबिनमध्ये मी आणि दुसरीत नवरा असं दाखवलं, आणि बोटीवर गेल्यावर काउंटरवर जाऊन किल्ल्या, म्हणजे कार्डं, दोन्हीकडची करून घेतली. हे सगळेच करतात, तिथल्या बाईंनी मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "मुलं एका खोलीत ना?" पण एक लक्षात ठेवा, पेयांचं पॅकेज कागदावरच्या केबिनप्रमाणे चालतं. बऱ्याच कंपन्यांमध्ये एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या प्रत्येकाला घ्यावंच लागतं. या वेळी थोरली म्हणाली मला घ्या, तर कळलं की तिच्या केबिनमध्ये १९ चा भाऊ आहे आणि युरोपात तो पिण्याच्या वयाचा, म्हणजे त्यालाही घ्या. दोन वाइन पिणाऱ्या पोराला आठवडाभराचं पॅकेज! नाही घेतलं. लागेल तसं सुटं घेतलं आणि हिशोबात बरेच खाली राहिलो.

दुसरा घोळ हा आमचा मोठा. बुकिंग करून देणाऱ्याला आम्ही स्पष्ट सांगितलं होतं, दोन्ही केबिनच्या मधे आतून दार पाहिजे. तो हो हो म्हणाला, मेलमध्येही "लागून असलेल्या केबिन" असं लिहिलं. गेलो, सामान टाकलं, आणि मी भिंतीवर दार शोधतेय. पडद्यामागे बघितलं, कपाट उघडून बघितलं, नवरा म्हणाला आता भिंत ठोकून बघ. दार नव्हतंच. लागून म्हणजे फक्त शेजारी, आणि आतून जोडलेली म्हणजे वेगळी, हा फरक आहे आणि तो तिकीट काढताना शब्दश: विचारायचा असतो. जहाजाचा डेकचा नकाशा असतो त्यावर आतून जोडलेल्या केबिनच्या मधे एक छोटी खूण असते, ती स्वत:च्या डोळ्यांनी बघा, कोणाच्या हो हो वर जाऊ नका. आणि "केबिन नंबर नंतर देऊ" वालं जे स्वस्त भाडं असतं ते मोठ्या कुटुंबाने घेऊ नये, एक खोली पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या टोकाला मिळाली तर कोणाला सांगणार.

गंमत म्हणजे दार नसल्याचं दु:ख फक्त मलाच झालं. तिघांनाही ते पथ्यावरच पडलं. आणि हेही खरं की पुढच्या वेळी मी दार मागणार नाही, समोरासमोर घेईन: आम्हाला बाल्कनी आणि पोरांना कॉरिडॉरच्या पलीकडे आतली, बिनखिडकीची. तिथे मिट्ट काळोख असतो, दुपारी बारापर्यंत झोपली तरी उजाडलेलं कळत नाही, या वयाला यापेक्षा काय पाहिजे. फक्त वेळेचं भान पार जातं, त्यावर उपाय म्हणजे टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनेल असतो तो आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवायचा, सकाळी खोलीत आपोआप उजेड होतो. थोरलीची आयडिया. समुद्राकडे बघत बसायला ती आमच्या बाल्कनीत यायची, आणि खरं सांगू का, तिच्याशी जेवढं बोलणं त्या बाल्कनीत झालं तेवढं घरी वर्षात होत नाही.

नकाशा बघताना केबिनच्या वर काय आहे तेही बघा. पूल डेकच्या बरोबर खाली घेतलीत तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, थिएटरच्या वर घेतलीत तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा चांगली. बोट लागत असेल कोणाला, तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर, तिथे हलतं कमी.

जहाज किती मोठं घ्यावं यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आयकॉन ऑफ द सीज २०२४ मध्ये आलं, वीस डेक, जवळजवळ अडीच लाख ग्रॉस टन (जहाज आतून केवढं याचं माप), आणि भरलं की साडेसात हजारांवर माणसं, कर्मचारी वेगळे. कार्निव्हलच्या मार्डी ग्रावर तर २०२१ पासून रोलरकोस्टर आहे, नॉर्वेजियनच्या काही जहाजांवर गो-कार्टचा ट्रॅक आहे. मधला आणि धाकटी मोठ्या जहाजाच्या पक्षात. माझं निरीक्षण असं की ही मोठी आकर्षणं मुलं पहिले दोन दिवस करतात, मग रांगेला कंटाळतात, आणि रोलरकोस्टर-गोकार्टला साधारण प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे पडतात हे जाहिरातीत ठळक नसतं. रोज वापरलं काय, तर बास्केटबॉलचं कोर्ट, गरम पाण्याचा टब, कराओके आणि रात्री एक वाजता उघडा असलेला पिझ्झाचा काउंटर. पिझ्झाच्या काउंटरवर मधल्याला जगभरचे मित्र मिळाले. म्हणजे जहाज निवडताना रात्री अकरानंतर काय काय उघडं असतं ते विचारा, या वयाचा दिवसच तेव्हा सुरू होतो. फार छोटं जहाज मात्र नको, पाच-सहाशे माणसांच्या जहाजावर बरोबरीचं कोणी भेटेलच असं नाही. नदीवरच्या क्रूझची चौकशी केली होती, थोरली फोटो बघून म्हणाली छान आहे, तुम्ही दोघं जा पंचविसाव्या लग्नाच्या वाढदिवसाला.

मार्ग. कॅरिबियनमध्ये आठवड्यात दोन-तीन दिवस नुसता समुद्र, युरोपात एखादाच, बाकी रोज नवं बंदर. ऐकायला युरोप भारी वाटतं, पण रोज सकाळी सातला उठून बाहेर पडायचं हे सोळा वर्षांच्या मुलीला चौथ्या दिवशी झेपत नाही. बंदर म्हणजे शहर असंही नाही. रोम म्हणून लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम ऐंशी किलोमीटर, आधी बंदरातून बसने बाहेर, मग स्टेशन, मग तासभर किंवा जास्त ट्रेन. फ्लोरेन्सचं तसंच, जहाज लिव्होर्नोला. नेपल्सला मात्र उतरलात की शहरातच. आम्ही शेवटी असं ठरवलं की बंदरावर दोन तुकड्या, ज्यांना जायचंय ते जातील आणि ज्यांना झोपायचंय ते झोपतील. मार्सेयला धाकटी आणि तिचे बाबा जहाजावरच राहिले, रिकाम्या जहाजावर पूल, स्लाइड सगळं दोघांचंच, तो तिचा सगळ्यात आवडता दिवस. आणि रोमला थोरली-मधला दोघंच गेले, आमच्याशिवाय. ते परत येईपर्यंत मी जे काही केलं त्याला आराम म्हणत नाहीत.

कारण मागचा इतिहास आहे. कोझुमेलला, पहिल्या क्रूझवर, मोठी दोघं किनाऱ्यावर एकटी गेली होती. मेक्सिकोच्या त्या भागात वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात फ्लोरिडा एक तास पुढे असतं, आणि आमचं जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चाललेलं. फोनने शहाणपणा करून घड्याळ आपोआप तासभर मागे घेतलं. परत यायची वेळ साडेचार, पोरांच्या फोनमध्ये तीन वाजून दहा मिनिटं, म्हणजे खऱ्या जहाजाच्या हिशोबात चार वाजून दहा, आणि ही दोघं आरामात नारळपाणी पीत बसलेली. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, आमच्याच जहाजावरच्या, त्यांच्या गळ्यातली कार्डं बघून विचारलं, तुम्हाला परत जायचं नाही का? टॅक्सी, धावपळ, धक्क्यावरून पळत येताना मी त्यांना वरच्या डेकवरून बघतेय आणि आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवतायत, कारण उशिरा पळत येणारे बघणं हा क्रूझवरचा फुकटचा खेळ आहे. तेव्हापासून नियम केला, साधं मनगटी घड्याळ घालायचं, जहाजाच्या वेळेवर लावलेलं, फोन बघायचाच नाही. जहाजाच्या स्वत:च्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वत:च्या स्वत: गेलात तर थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. मोठी मुलं एकटी फिरणार असतील तर पासपोर्टचा फोटो त्यांच्या फोनमध्ये आणि थोडी रोख खिशात पाहिजेच.

एकत्र कधी भेटायचं हे आधी ठरवा, नाहीतर पाच जण एकाच जहाजावर असून दिवसभर दिसत नाहीत. आमचा एकच नियम होता, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका टेबलावर, बाकी दिवसभर कोण कुठे आहे मी विचारणार नाही. पहिल्या वेळी आम्ही केव्हाही या वाली जेवणाची पद्धत घेतली होती आणि त्यात रोज कोणीतरी गळायचं. या वेळी ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, तोच वेटर. दुसऱ्या रात्रीपासून त्या वेटरला पोरांच्या आवडी पाठ, आणि पोरंही त्याच्यासाठी वेळेवर यायला लागली, आमच्यासाठी नाही. युरोपात उशिराची पंगत घ्या, बंदरावरून दमून आल्यावर सहाच्या जेवणाला अंघोळीलाही वेळ मिळत नाही. नटून जायच्या रात्री मधल्याने कोट घालायला साफ नकार दिला, शेवटी बुफेत जेवला आणि गोड खायला कोट घालून परत आला, कारण गोड चांगलं आहे म्हणून बहिणीने फोटो पाठवला.

वायफायवरून झालेली भांडणं लिहीत बसत नाही. पॅकेज फोनमागे असतं, पाच फोन म्हणजे पाच पॅकेज किंवा एकाचं काढून दुसऱ्याने लावायचं, आम्ही दोन घेतली आणि रोज पंचायत भरवली. आता २०२२ पासून रॉयल कॅरिबियनने स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, घेतल्यावर बाकीच्यांनीही घेतलंय त्यामुळे स्पीड पूर्वीसारखा रडका नाही. बहुतेक जहाजांच्या ॲपवर आपसात मेसेज करता येतात, तेवढं आधी चालू करून घ्या. आणि जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रात जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडतं आणि त्याचं बिल घरी येतं. मधल्याला तीनदा सांगितलं होतं. बिल आलं.

टिप माणशी रोजची लागते आणि १९ वर्षांचा काय, ५० वर्षांचा काय, सारखीच, भाडं बघतानाच पाचने गुणून ठेवा. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि केबिनमध्ये दोघं धरून असतं, तेही.

एक गोष्ट मुलांना जायच्या आधी घरीच बसवून सांगितली, तीही लिहिते. कोणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, नव्या मैत्रिणीच्या असो नाहीतर कोणाच्या असो, भेटायचं ते डेकवर, क्लबात, लोकांत. १८ च्या आतल्यांना रात्री ठरावीक वेळेनंतर फिरू देत नाहीत, ती वेळ कंपनीप्रमाणे बदलते. पण नियम आणि प्रत्यक्ष यात फरक असतो, आमच्या जहाजावर मध्यरात्रीनंतर पोरं बिनधास्त जिन्यात बसलेली असायची आणि कोणी हटकत नव्हतं. आणि सुरुवातीची सुरक्षेची कवायत कंटाळवाणी वाटली तरी करायचीच. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच लोकांची ही कवायत झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम बदलून ती जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच घेणं सक्तीचं झालं. हे सांगितल्यावर मधल्याने हेडफोन काढून ऐकलं.

मार्क द्यायचे तर पहिल्या क्रूझला पाचपैकी तीन, त्यातला एक थोरलीने कापला. दुसरीला चार, एक त्या नसलेल्या दाराचा आणि सहा मुलांच्या क्लबचा मिळून गेला. धाकटीला दोन वर्षांनी १८ होतील तेव्हा व्हर्जिन व्हॉयेजेससारखी फक्त १८ च्या वरच्यांची जहाजं उघडतील असं मी म्हटलं, तर म्हणाली तेव्हा मी तुमच्याबरोबर कशाला येऊ.

हां, आणि शेवटच्या रात्रीचं राहिलंच. त्या रात्री बॅगांना पट्टी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतून जातात आणि थेट धक्क्यावर मिळतात, सकाळचे कपडे मात्र बाहेर काढून ठेवायचे. मधल्याने इमानदारीत सगळं भरून बॅग बाहेर ठेवली. सगळं म्हणजे सगळं. सकाळी आम्ही उतरलो तेव्हा तो माझी शाल, रात्रीची अर्धी चड्डी आणि बाबाचे नटून जायच्या रात्रीचे काळे बूट घालून पासपोर्टच्या रांगेत उभा होता, आणि पुढे पूर्ण अंतर ठेवून त्याच्या दोन्ही बहिणी.